पत्र येईपर्यंत : वाट पाहण्यामागचे गणित

बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यात वाट पाहणे ही काही नवलाची गोष्ट नाही. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावायचा, कारखान्यात नोंद करायची आणि तोड यायला सोळा-अठरा महिने थांबायचे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याची पाळी यायची, तरी थांबायचेच. असे असूनही सोमेश्वरनगरच्या एखाद्या घरात तोडीची वाट पाहणारा बाप रात्री बऱ्यापैकी शांत झोपलेला असतो, आणि एम.एस्‌सी. किंवा पीएच.डी.च्या प्रवेशाची वाट पाहणारी त्याची मुलगी मात्र कूस बदलत पडलेली असते. दोघांच्या थांबण्यात असा कोणता फरक आहे?

बापाला आपल्या नोंदीची तारीख माहीत असते. आपल्या आधी कोणाकोणाचे फड आहेत, टोळी कुठवर आली आहे, हे त्याला चौकात उभे राहून विचारता येते. तोड लांबली तर उसाचे वजन घटते, त्याची चिडचिड होते, ती रास्तच आहे. पण त्याच्यापुढचा प्रश्न सहसा एकच असतो : ‘कधी?’ मुलीपुढे दोन प्रश्न असतात : ‘कधी?’ आणि ‘होणार का?’ शिवाय तिला रांगच दिसत नाही. आपल्यापुढे किती जण आहेत, रांग हलते आहे की थांबली आहे, काहीच कळत नाही.

रांगांचा अभ्यास करणारे डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ साली एका लेखात हेच मांडले होते. किती वेळ लागेल हे माहीत नसलेले थांबणे, माहीत असलेल्या तेवढ्याच थांबण्यापेक्षा लांब वाटते. आणि उशिराचे कारण सांगितले नाही तर ते आणखी लांब वाटते. त्यांच्यासमोर बँका, उपाहारगृहे आणि विमानतळ होते. प्रवेशाच्या रांगेला हे नियम जास्तच लागू पडतात, कारण या रांगेत उभे असणाऱ्याचे पुढचे दोन ते सहा वर्षांचे आयुष्य अडकलेले असते.

तेव्हा आधी ही न दिसणारी रांग पाहू. पदव्युत्तर विभागात एवढा वेळ कशात जातो? अर्ज वाचणे आणि मुलाखती घेणे यात काही आठवडे जातात हे उघड आहे. पण खरा गुंता पुढे आहे. समजा, एका विभागात २० जागा आहेत. मागच्या अनुभवावरून विभागप्रमुखांना माहीत आहे की ज्यांना प्रवेश देऊ केला त्यांपैकी सुमारे ६० टक्केच प्रत्यक्ष येतात. बाकीचे दुसरीकडे जातात. मग किती जणांना पत्र पाठवावे? २० भागिले ०.६, म्हणजे ३३. सरासरीने हे बरोबर आहे. पण सरासरी दरवर्षी जशीच्या तशी अवतरत नाही. ३३ जण आपापला निर्णय स्वतंत्रपणे घेतात असे धरले, तर येणाऱ्यांच्या संख्येचे प्रमाण विचलन ३३ × ०.६ × ०.४ च्या वर्गमुळाइतके, म्हणजे जवळजवळ २.८ येते. एखाद्या वर्षी १७ येतील, एखाद्या वर्षी २३. प्रयोगशाळेत बाके २० च असतील तर ते जास्तीचे तिघे बसणार कुठे? म्हणून विभाग सावधपणे आधी २८ पत्रे पाठवतो. त्यातून सरासरी १६ ते १७ जण येतात. उरलेल्या तीन-चार जागांसाठी प्रतीक्षा यादी असते.

आता ही यादी केव्हा हलते ते पाहा. गुणवत्ता यादीत वर असलेल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या हातात चार ठिकाणची पत्रे असतात. तो जाणार एकाच ठिकाणी. पण तो ठरवत नाही तोवर उरलेल्या तीन जागा अडून राहतात. त्याने नकार कळवला की प्रत्येक ठिकाणी एकेक माणूस पुढे सरकतो. त्या माणसाने धरून ठेवलेली दुसरीकडची जागा मग सुटते. आणि अशी साखळी पुढे जात राहते. कालव्यावर हेडच्या शेतकऱ्याने दार बंद केल्याशिवाय टेलच्या शेतात पाणी पोचत नाही, हे आपल्या मुलांना सांगावे लागत नाही. प्रवेशाचेही तसेच आहे. टेलला बसलेल्याला वाटते की आपला अर्ज कोणी पाहिलाच नाही. प्रत्यक्षात वरची चार दारे उघडी असतात.

आयआयटी आणि इतर संस्थांतील एम.एस्‌सी.साठी ‘जॅम’ ही संयुक्त परीक्षा होते, तिच्यातील प्रवेशाच्या फेऱ्या याच कारणासाठी असतात. मिळालेली जागा पक्की करायची, की ती हातात ठेवून वरच्या पसंतीची वाट पाहायची, की सोडून द्यायची, हे विद्यार्थ्याला विचारले जाते आणि सुटलेल्या जागा पुढच्या फेरीत वाटल्या जातात. अमेरिकेत बऱ्याच विद्यापीठांनी आपसात मान्य केलेली १५ एप्रिल ही तारीख आहे. आर्थिक मदतीसह प्रवेश देऊ केलेल्या विद्यार्थ्यावर त्या आधी उत्तर देण्याची सक्ती करायची नाही, असा तो संकेत आहे. त्यामुळे तिथल्या प्रतीक्षा याद्या एप्रिलच्या मध्याला एकदम हलतात. डिसेंबरात अर्ज केलेल्या मुलाला फेब्रुवारीत काही कळले नाही, तर त्यात अशुभ असे काही नाही.

अर्थात सगळाच उशीर इतका निर्दोष नसतो. २०२४ च्या जूनमध्ये यूजीसी-नेट परीक्षा १८ तारखेला झाली आणि दुसऱ्याच दिवशी रद्द झाली. त्या पाठोपाठ विज्ञान विषयांची सीएसआयआर-यूजीसी नेट, जी २५ जूनपासून व्हायची होती, ती चार दिवस आधी पुढे ढकलली गेली आणि जुलैच्या अखेरीस झाली. पाठ्यवृत्ती आणि पीएच.डी. प्रवेश या परीक्षांवर अवलंबून असलेल्या लाखो मुलांचे वेळापत्रक कोलमडले. २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेत संशोधनाच्या सरकारी निधीबद्दल अनिश्चितता निर्माण झाली, तेव्हा मॅसॅच्युसेट्समधील यूमास चॅन या वैद्यकीय विद्यापीठाने पीएच.डी.साठी दिलेले प्रवेशही मागे घेतले. अशा वेळी ‘धीर धर’ एवढेच सांगणे पुरेसे नाही. यात तुझ्या लायकीचा संबंध नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगायला हवे. मुले ते आपण होऊन समजून घेतात असा माझा अनुभव नाही.

आता मुख्य प्रश्न. पत्र येत नाही, या गोष्टीतून काय कळते? मुले म्हणतात, ‘अजून आले नाही म्हणजे झाले नाही.’ घरचे म्हणतात, ‘अजून नाही म्हटलेले नाही ना?’ दोघांपैकी बरोबर कोण, हे शंभर चिंचोके घेऊन वर्गात तपासता येते.

शंभर चिंचोक्यांपैकी चाळिसांवर चुन्याचा ठिपका द्या. हे सगळे चिंचोके म्हणजे आपल्या विद्यार्थिनीसारखीच तयारी असलेले शंभर अर्जदार. ठिपकेवाले निवडले जाणार, बाकीचे नाहीत. सुरुवातीला तिची शक्यता ४० टक्के. आता समजा, ही संस्था फक्त निवड झालेल्यांना कळवते आणि नकार कळवतच नाही. मार्चच्या मध्यापर्यंत अर्ध्या निवडलेल्यांना पत्रे गेली. ठिपक्याचे २० चिंचोके बाजूला काढा. उरले ८०, त्यांत ठिपक्याचे २०. आपल्या मुलीला पत्र आलेले नाही, म्हणजे ती या ८० मध्ये आहे. तिची शक्यता आता २५ टक्के. घटली खरी, पण शून्य झाली नाही. महिनाअखेर आणखी १२ पत्रे गेली, तर उरलेल्या ६८ मध्ये ठिपक्याचे ८; शक्यता जेमतेम १२ टक्के. इथे मुलांचे म्हणणे पुष्कळसे बरोबर आहे, फक्त ती घाई करतात.

दुसरी संस्था होकार आणि नकार दोन्ही सारख्याच वेगाने कळवते. मार्चच्या मध्यापर्यंत ठिपक्याचे २० आणि बिनठिपक्याचे ३० बाजूला झाले. उरले ५०, त्यांत २०. शक्यता पुन्हा ४० टक्केच! शांततेचा अर्थ इथे काहीही नाही. तिसरी संस्था आधी छाननी करून नकार पाठवते आणि होकार शेवटी. ३० बिनठिपक्याचे काढले, तर उरलेल्या ७० मध्ये ४० ठिपक्याचे, म्हणजे शक्यता ५७ टक्के. इथे पत्र न येणे हेच चांगले लक्षण. आणि चौथा प्रकार आपल्या ओळखीचा : सगळ्यांचा निकाल एकाच दिवशी. तिथे आदल्या रात्रीपर्यंत शांततेतून काहीच कळत नाही.

हे अठराव्या शतकातील थॉमस बेज यांच्या नावाने ओळखले जाणारे गणित आहे. सूत्र न लिहिताही ते शिकवता येते, आणि माझ्या मते तसेच आधी शिकवावे. यातून निघणारी गोष्ट अशी की गप्प बसलेल्या संस्थेच्या गप्पपणाचा अर्थ, ती कोणाला कधी कळवते यावर ठरतो. म्हणून ‘माझे काय होईल?’ या प्रश्नापेक्षा ‘तुम्ही नकार कळवता का, आणि साधारण केव्हा?’ हा प्रश्न विद्यार्थ्याने विचारावा. पहिल्याचे उत्तर कार्यालयातील कारकून देऊ शकत नाही. दुसऱ्याचे देऊ शकतो, आणि बहुधा देतोही.

पण गणित कळले म्हणून झोप लागते का? इथे मेंदूकडे वळावे लागते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४५ जणांना संगणकावर एक खेळ दिला : समोर दिसणाऱ्या दगडाखाली साप आहे की नाही ते ओळखायचे. साप निघाला की हाताला विजेचा दुखणारा झटका. कोणत्या दगडाखाली साप असण्याची शक्यता किती, हे हळूहळू अनुभवाने कळत जाई आणि मध्येच बदलत जाई. खेळणाऱ्यांच्या बाहुल्यांचा आकार आणि हाताला सुटणारा घाम मोजला गेला. सर्वांत जास्त ताण कधी आला? झटका नक्की बसणार हे माहीत असताना नव्हे. शक्यता अर्धी-अर्धी असताना! वाईट होणार हे ठाऊक असणे, कदाचित होईल यापेक्षा सोपे गेले.

गणिताच्या शिक्षकांनी इथे एक तक्ता करून पाहावा. शक्यता ‘श’ असेल तर अनिश्चिततेचे एक साधे माप श × (१ − श) हे आहे. श = ०.५ असताना ते ०.२५, म्हणजे सर्वांत जास्त. ०.४ ला ०.२४, ०.२५ ला सुमारे ०.१९, आणि ०.१२ ला ०.११ च्या आत. नक्की मिळणार असे वाटणारा आणि मिळणारच नाही हे जाणणारा, दोघेही झोपतात. मधला जागा राहतो. आपल्या ग्रामीण महाविद्यालयातील पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाची मुले नेमकी या मधल्या जागी सापडतात. शहरातल्या मुलाला मागच्या वर्षी गेलेले चार ज्येष्ठ विद्यार्थी माहीत असतात. आपले गुण कुठे बसतात याचा त्याला अंदाज असतो. महाविद्यालयातून पहिल्यांदाच तिकडे अर्ज करणाऱ्याला तुलनाच करता येत नाही, मग त्याची शक्यता त्याच्या मनात अर्ध्यावरच अडकून बसते.

शरीराची बाजू थोडक्यात सांगते. धोका जाणवला की अ‍ॅड्रिनलिन स्रवते, हृदयाचे ठोके वाढतात. पाठोपाठ मेंदूतील हायपोथॅलॅमस आणि पीयूषिका ग्रंथीच्या आदेशाने मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. ही व्यवस्था थोड्या वेळाच्या संकटासाठी चोख आहे. दोन-तीन महिने ती अधूनमधून चालू होत राहिली की झोप, भूक आणि लक्ष यांवर परिणाम दिसू लागतो. परीक्षा झाल्यावरही मुलगा ‘कशात मन लागत नाही’ म्हणतो, तो आळशीपणा नसतो.

कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञ केट स्वीनी यांनी वाट पाहणे हाच आपला अभ्यासविषय केला आहे. तिथे वकिलीची परीक्षा जुलैअखेर होते आणि निकाल नोव्हेंबरात लागतो. हे चार महिने कायद्याच्या पदवीधरांना पुन्हा पुन्हा प्रश्न विचारून त्यांनी काळजीचा आलेख काढला. सुरुवातीला काळजी जास्त, मध्ये उतरलेली आणि निकालाच्या तोंडावर पुन्हा चढलेली. गंमत पाहा : हा वर सांगितलेला चौथा प्रकार, सगळ्यांचा निकाल एकाच दिवशी. म्हणजे शेवटच्या आठवड्यात शक्यता तसूभरही बदललेली नसते, तरी काळजी वाढते. आपल्या मनाच्या हिशेबात शक्यतेबरोबर वेळेचे अंतरही असते, हे चिंचोक्यांत येत नाही.

स्वीनी यांचा दुसरा निष्कर्ष शिक्षकांनी जरूर लक्षात घ्यावा. काळजी दाबायचे, जबरदस्तीने चांगलेच घडेल असे मानायचे, हे उपाय वापरणाऱ्यांची काळजी त्यामुळे कमी झाली नाही. उलट ज्यांनी हा काळ काळजीत काढला, वाईटाचीही कल्पना केली, त्यांनी वाईट बातमी अधिक नीट झेलली. आणि चांगली आली तर त्यांचा आनंदही मोठा होता. ‘नकारात्मक विचार करू नकोस’ हे आपले आवडते वाक्य त्या दृष्टीने फारसे उपयोगी नाही. उपयोगी ठरते ती तल्लीनता : हातापायांना आणि बुद्धीला पुरून उरेल, पण आवाक्याबाहेर जाणार नाही असे काम. नुसते मन रमवणे वेगळे. मोबाइलवर चित्रफिती पाहून वेळ जातो. प्रयोगशाळेतील जुना तराजू दुरुस्त करताना किंवा धाकट्यांना दहावीचे बीजगणित शिकवताना तो कसा गेला हे कळत नाही.

मोबाइलचा विषय निघालाच आहे तर एक जुना प्रयोग आठवतो. स्किनर यांच्या कबुतरांना कळ टोचल्यावर दाणा मिळे. दाणा ठरलेल्या वेळाने मिळत असेल, तर कबूतर मधल्या वेळात स्वस्थ बसे. तो कधी मिळेल याचा नेम नसेल, तर ते एकसारखे टोचत राही, आणि दाणा बंद केल्यावरही कितीतरी वेळ टोचे. ई-मेल हा नेम नसलेला दाणा आहे. दिवसातून चाळीस वेळा पेटी उघडणाऱ्या मुलाला रागावण्यात अर्थ नाही. दाणा ठरलेल्या वेळेचा करून द्यावा. सकाळी अकरा आणि संध्याकाळी सहा. या दोन वेळांच्या मध्ये पत्र आले तरी ते कुठे पळून जात नाही.

वाट पाहण्याच्या या हिशेबात एक गोष्ट बसत नाही, आणि तिच्यासाठी कमला सोहोनींची हकिगत सांगायला हवी. माहेरच्या त्या भागवत. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. त्यांनी गुणवत्ता यादीत पहिले येऊन मिळवली आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. आपल्या गुणांकडे पाहून त्यांनी शक्यता किती धरली असेल? शंभर टक्क्यांच्या आसपास. नकार आला. संचालक होते चंद्रशेखर वेंकट रामन, नोबेल मिळून तीन वर्षे झालेली. नकाराचे कारण एवढेच की अर्जदार मुलगी आहे. कमलाबाई स्वतः जाऊन त्यांना भेटल्या, कारण विचारले आणि हटून बसल्या. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर : पहिले वर्ष परीक्षाधीन, संचालकांचे समाधान होईपर्यंत कामाला मान्यता नाही आणि सहकारी पुरुषांचे लक्ष विचलित होता कामा नये. म्हणजे अर्जानंतरची वाट संपली आणि एक वर्षाची दुसरी वाट सुरू झाली. या दुसऱ्या वाटेला निदान शेवट माहीत होता, आणि तिच्यात काम होते. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षाअखेरीस रामन यांचे समाधान झाले. पुढे संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागले. १९३६ मध्ये कमलाबाईंनी एम.एस्‌सी. केले, नंतर केंब्रिजला जाऊन वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम-सी या श्वसनाशी संबंधित प्रथिनावर काम केले आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. त्या कामाची सुरुवात बटाट्यावर झाली होती.

चिंचोक्यांच्या प्रयोगात आपण गृहीत धरले की ठिपके गुणवत्तेनुसार दिले आहेत. १९३३ च्या त्या यादीत ठिपका दुसऱ्याच कारणाने नाकारला गेला. असे असेल तिथे थांबून गणित करण्यात अर्थ नाही. जाऊन विचारावे लागते.

आणि हे १९३३ चेच आहे असे समजू नये. आजही मार्च ते जूनच्या दरम्यान गावातल्या मुलीचे दुसरे एक घड्याळ चालू असते. स्थळे येत असतात. ‘पत्र आले तर पाहू’ हे वाक्य जानेवारीत मान्य असते, मे महिन्यात नसते. मुलाचेही घड्याळ असते, पण ते बारामतीच्या एमआयडीसीतल्या नोकरीचे. नोकरी सोडता येते. म्हणून मुलीच्या बाबतीत शिक्षकाने घरच्यांना तारीख सांगणे हे सहानुभूतीच्या दहा वाक्यांपेक्षा मोलाचे आहे. ‘कळेल कधीतरी’ असे सांगू नये. ‘शेवटची फेरी अमुक तारखेला आहे, तोवर थांबा’ असे सांगावे. आई-वडील तोडीची वाट पाहू शकतात ती याच कारणाने.

मागच्या वर्षी सोमेश्वरनगरच्या मु. सा. काकडे महाविद्यालयात शेवटच्या वर्षाच्या मुलांशी बोलताना एकाने विचारले, ‘मॅडम, माझे नाव प्रतीक्षा यादीत सातवे आहे. धरून चालू का?’ मी त्याला म्हटले, त्या विभागाला फोन कर आणि मागच्या तीन वर्षांत यादी कितीपर्यंत सरकली ते विचार. तासाभराने तो फळ्याजवळ आला. अकरा, चार आणि नऊ. तीनपैकी दोन वर्षी सातवा आत गेला असता. तीन वर्षे ही फार लहान मालिका आहे, तिच्यावरून दोन-तृतीयांश म्हणणे धाडसाचे. पण आपण अर्ध्याच्या थोडे वर आहोत एवढे त्याला समजले, आणि झोप नेमकी इथेच उडते हेही मी सांगितले. तो हसला. पुण्यातल्या दुसऱ्या एका विभागात त्याला जागा मिळालेली होती, तिचे शुल्क भरायची मुदत त्याच शुक्रवारी संपत होती. भरलेले शुल्क प्रवेश सोडल्यास किती परत मिळते, हे आम्ही त्यांच्या माहितीपत्रकात शोधले. बरेचसे मिळत होते. गुरुवारी त्याने ते भरले.